चाकाखाली

आज दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर त्याआधी मागच्या चाकाची घरघर एकदाची घालवावी, असं आदेशनं ठरवलं. वडनेरच्या त्याच्या घराचं अंगण फाटकाकडं चांगलंच उतरतं. तिथंच त्यानं कार न्यूट्रलमध्ये टाकली, मागची एक बाजू जॅकवर उचलली, चाक काढलं आणि चटई घेऊन खाली शिरला. आडवं झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, टायरला अडसर म्हणून आणलेल्या दोन विटा पायरीवरच राहिल्या होत्या.

"समीक्षा, चाकाखाली ठेवून दे वं लवकर!" त्यानं खालूनच बायकोला हाक मारली.

"आलीच जी. पूजेचं ताटच लावून राह्यली."

बांगड्या वाजल्या. तिची पावलं एकेका टायरपाशी थांबत गाडीभोवती फिरली.

"ठेवलं न जी, तिन्ही चाकाखाली. चवथं त तुमीच काढून ठेवलं."

विटा तर दोनच होत्या. तिसरी हिनं कुठून आणली, असं आदेशच्या मनात येऊन गेलं. पण हँडब्रेक ओढलेला असल्यानं ब्रेकचा ड्रम जाम बसला होता, हात ग्रीसनं माखले होते आणि बायको आपल्यापेक्षा हुशार आहे हे तो चारचौघांत कबूल करत असे.

"बरं झालं. आता हँडब्रेक सोड."

दार उघडलं. खटका खाली पडला.

 

पुढं काहीतरी कच्चकन चिरडलं, आणि गाडीखाली लिंबाचा वास आला.