दिवसाची लाईट

कावळा काही शिवेना.

येडगावच्या धरणाखाली, कुकडीच्या काठावर हौशीरामचा दहावा चालला होता. पिंड मांडून माणसं मागं सरली होती आणि समोरच्या बाभळीवर कावळे नुसते बसून होते. हौशीराम उसाला पाणी द्यायला रात्री गेला होता, कारण शेतीला लाईट रात्रीचीच होती. मोटार चालू करायच्या आधीच बिबट्यानं त्याला धरलं.

नातेवाईक एकेक करून शब्द देऊ लागले. जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द दिला की कावळा शिवतो. धाकटा भाऊ म्हणाला, "पोरांच्या शाळंचं मी बघतो." कावळे ढिम्म. नारायणगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा सत्तार चप्पल काढून पुढं आला. "हौशीभाऊ, तुमच्या मोटारीचा घोर करू नका. मी हाय." एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"दर्भाचा कावळा करू का?" गुरुजींनी विचारलं.

"करा, करा. शास्त्रात चालतं ते," रामनाथ म्हणाला. त्याला दुपारी मुंबई गाठायची होती.

रामनाथ हा हौशीरामचा चुलतभाऊ. गाव उभं होतं आणि तो एकटा खुर्चीत होता. वीज खात्यात इंजिनिअर म्हणून लागला, पार वरपर्यंत चढला, निवृत्त झाल्यावर आयोगाचा सदस्य झाला. राज्यात वीज कुणाला, कधी आणि काय दरानं द्यायची, हे ठरवणारा आयोग. सगळ्या नोकरीत त्यानं कुणाला म्हणून दुखावलं नाही. म्हणजे वरच्या कुणाला.

"थांबा गुरुजी," धोंडाबाई म्हणाली. हौशीरामची आई. "रामनाथ, तू बोल. दिवसाची लाईट देतो म्हन. त्यातच जीव हाय त्याचा."

"काकू, ते प्रकरण आयोगापुढं आहे. मला असं जाहीर बोलता येत नाही."

"जाहीर कुठं बोलतोस? त्याच्याशी बोलायचंय तुला."

प्रकरण आता आयोगापुढं नव्हतंच. शेतीला दिवसा वीज देण्याची मागणी फेटाळून रामनाथनं परवाच सही केली होती. दिवसाची वीज महाग पडते. तो बोजा कारखान्यांवर टाकला तर कारखानदार ओरडणार, आणि त्याच्या दिल्लीतल्या नेमणुकीची फाईल पुढं सरकत असताना ओरड नको होती. सुनावणीला जुन्नरची माणसं बिबट्याचं सांगत होती, तेव्हा यानंच त्यांना थांबवलं होतं. बिबट्या आयोगाच्या कक्षेत येत नाही, म्हणाला होता. कायद्यानं बरोबरच होतं ते. हा गडी कायद्यात कधी चुकलाच नाही.

सगळा काठ त्याच्याकडं बघत होता. लांब रस्त्यावर ड्रायव्हरनं गाडी वळवून ठेवली होती. रामनाथ उठला, पिंडापुढं गेला आणि हात जोडले.

"हौशीराम, दिवसा लाईट मिळेल. मी देतो."

तो मागं वळायच्या आत कावळा शिवला. मागोमाग सगळे उतरले आणि भातावर तुटून पडले. बायाबापड्यांनी हात जोडले. "ऐकलं बघा त्यानं," सत्तार म्हणाला आणि उपरण्यानं डोळे पुसले.

धोंडाबाईनं रामनाथच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आमी एवढे बोललो, पन गेला तो तुझ्या शब्दावर. लई इसवास व्हता रं त्याचा तुझ्यावर."

रामनाथ मान हलवत गाडीकडं निघाला. हौशीरामची बायको शीला इतका वेळ बायांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. ती उठली आणि डोक्यावरचा पदर सावरत त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"भावजी, आज रातच्याला आमच्या डीपीवर लाईट येनार हाय. ऊस पार वाळत चाललाय." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. "मी जाऊ, का थांबू?"