खालचा पाला

उसाच्या सऱ्या ओलांडून कृष्णात मधल्या मोकळ्या पट्ट्यात आला आणि तिथंच उकिडवा बसला. गांजाच्या झाडांची खालची पालवी पुन्हा कुणीतरी काढून नेली होती.

चोरी म्हणावी, तर वरचे तुरे शाबूत होते. नुकतेच भरू लागलेले, बोटाला चिकटणारे. चोर तुरे नेतो, पाला नेत नाही. तुरे धरल्यावर खालचा पाला काढतो तो जाणकार, म्हणजे झाडाचा सगळा जोर शेंड्याला जातो. ही खुबी गावात एकालाच ठाऊक होती. जोतीरामला. बी त्यानंच दिलं होतं, छाटणीही त्यानंच सांगितली होती.

म्हणजे जोतीराम हे पीक आपलं समजून जोपासतोय. मग कापायलाही तोच येणार.

दिवस आणीबाणीचे. पोलीस कुणालाही उचलत होते, त्यात हे पीक सापडलं तर विचारूच नका. घरात तर त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. बायको उमा माधवनगरच्या गिरणी कामगाराची लेक, शेतीला नवखी. रोपं वीतभर असताना तिनं विचारलं, तेव्हा "अंबाडी हाय" म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती.

संध्याकाळी जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं केलं, "रानात कुणी दिसतंय का गं?"

"कुणीबी न्हाई. दुपारी वैरणीला मी एकटीच तर जाते."

"जोती?"

"ते कशाला येतील? त्यांचं रान वड्याच्या पल्याड."

तिनं आणखी एक भाकरी वाढली, वर भाजी घातली. काळजीनं माणसाचं अन्न तुटतं म्हणतात, कृष्णातची भूक उलट वाढली होती. चुलीपुढं त्याचा म्हातारा बाप कोंडीबा आपल्याशीच हसत बसला होता.

"काय झालं हसायला, दादा?"

"काय न्हाई रं. राख बघ की कशी बसलीया."

ते हसणंही कृष्णातला खटकलं. म्हाताऱ्याला कळलं की काय?

हल्ली जेवण झालं की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, तोंडाला कोरड पडायची. रस्त्यावर ट्रक वाजला तरी पोलिसांची जीप वाटायची. चावडीपुढं माणसं बोलता बोलता थांबली, तर ती आपल्याबद्दलच बोलत होती अशी त्याची खात्री व्हायची. मन चिंती ते वैरी न चिंती.

दुसऱ्या दिवशी पारावर जोतीराम भेटला. हळूच म्हणाला, "कृष्णा, खालची पालवी काढलीस का रं?"

"तूच सांग."

जोतीराम बघत राहिला. "मी काय सांगू गड्या? डोळं लय लाल झाल्यात तुझं. झोप काढ जरा."

बघा, कसा साळसूद. लहानपणापासूनचा मित्र, पण कृष्णातला आता त्याच्या तोंडाकडं बघवेना.

त्या संध्याकाळी जेवून उठला आणि त्याचं ठरलं. पीक गेलं तर जाऊ दे, जोतीला मात्र सोडायचं नाही. उजाडायच्या सुमारास त्यानं सगळी झाडं उपटली, ओढा ओलांडून जोतीरामच्या उसात नेऊन टाकली आणि पोलीस पाटील हंबीररावांच्या कानावर घातलं.

दुपारी खरोखरची जीप आली. फौजदारानं जोतीरामच्या पुढ्यात झाडं टाकली. जोतीरामनं झाडांचे पाला काढलेले बुंधे बघितले, मग गर्दीत उभ्या कृष्णातकडं बघितलं. त्याला सगळं उमगलं असावं.

"आणि कुणाकुणाला बी दिलंस?" फौजदारानं विचारलं.

"कुणालाच न्हाई, सायेब," जोतीराम म्हणाला आणि जीपमध्ये चढला.

कृष्णात घरी आला. जीव हलका व्हायला हवा होता, पण होत नव्हता. उमानं ताट पुढं केलं. भाकरी आणि ठेचा.

"आज भाजी न्हाई केलीस?"

"कशाची करू? आवं, आपल्या उसातली अंबाडी कुणीतरी मुळासकट उपटून नेली. मामंजींना लय आवडायची, म्हणून मी आपली शेंडं राखून रोज खालचा पाला तेवढा खुडून आणायची."