फटफटीला गुलाल

तीन गॅरेजांनी हात टेकल्यावर उदयसिंहनं वडिलांची जुनी फटफटी शिवाजी पेठेतल्या पिराजी मिस्त्रींपुढं उभी केली. इंजिनाची तेलगळती थांबली नाही, तर गाडी भंगारात जाणार होती. मिस्त्रींनी इंजिन रॉकेलनं धुऊन कोरडं पुसलं आणि देवळीतला जोतिबाचा गुलाल त्यावर भुरभुरला. उदयसिंह वैतागला. “मामा, पूजेनं गळती थांबत न्हाय.” “पूजा न्हाय ही. किक मार की.” इंजिन धडधडलं आणि वरच्या नटापासून गुलालात एक ओली रेघ उतरली. “तेल खाली पडतंय म्हणून समदी खालीच बघत बसली,” मिस्त्री पुटपुटले. नटाखालचा कडक झालेला तांब्याचा वायसर त्यांनी जाळावर तापवून मऊ केला, पुन्हा घट्ट बसवला. रंकाळ्याला फेरी मारून आल्यावर इंजिनाखाली थेंबही नव्हता. उदयसिंहनं मिस्त्रींच्या कपाळाला गुलाल फासला. “आता ही पूजा व्हय?” “न्हाय. पेठेत जिंकणाऱ्याला गुलाल लागतोच की.”