झुआंगांची बाजू

बाराव्या दिवशी शू मिस्त्री परांचीवरून उतरले तेव्हा गुडघ्यांनी संप पुकारला होता. चुनलियानने, त्यांच्या मुलीने, रंगाचे डबे बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली.

क्वो घराण्याच्या पूर्वजांचं हे देऊळ नव्वद वर्षांपूर्वी कारागिरांच्या दोन टोळ्यांनी सजवलं होतं. चाओझौकडे रिवाजच तसा. मधे कापड टांगायचं, डावं कोरीवकाम एका टोळीचं, उजवं दुसरीचं. कापड उतरलं की गावाने निकाल द्यायचा. डावी बाजू शूंच्या आजोबांची होती, उजवी झुआंगांची. गावाने झुआंगांना खांद्यावर घेतलं. त्यानंतर या गावाचं नाव निघालं की आजोबा ताटावरून उठून जायचे.

आता झुआंगांच्या तुळईवरच्या सात घोडेस्वारांपैकी पाचव्याचं डोकं वाळवीने खाल्लं होतं. झुआंगांत छिन्नी धरणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून शूंना बोलावणं आलं. त्यांनी डोकं झुआंगांच्या पद्धतीनेच कोरलं: तिरपी भुवई, आत दाबलेले ओठ. रंग चढवला, नव्या सोन्याला चहाचं पाणी पाजून जुनं केलं. बारा दिवस परक्या हाताने काम केलं आणि ते आवडलंही, याचाच शीण जास्त होता.

देवळाचे कारभारी क्वो देफांग काठी टेकत आले. वय अठ्ठ्याऐंशी, जीभ अजून तरणी.

"कुठलं डोकं तुमचं ते सांगू नका हं, मिस्त्री. पाळण्यात होतो तेव्हापासून बघतोय मी यांना."

"ओळखा, काका."

काठी तिसऱ्या स्वारावर थांबली. "हे! नाक आहे की रताळं चिकटवलंय? राग मानू नका, पण झुआंगांच्या हातून असलं नाक उतरलं नसतं. शेवटी आजोबांवरच गेलात."

चुनलियान बापाच्या कानाशी लागली. "बाबा, सांगून टाका. ते झुआंगांचंच आहे. तुमच्या आजोबांसाठी तरी सांगा."

शूंनी मान वर केली. नाक खरंच फसलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या नजरेत आलं होतं ते. छिन्नी दोनदा घसरल्याच्या खुणाही रंगाखाली दिसत होत्या. नव्वद वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"माझंच ते," शू म्हणाले. "दिवस कलला की हात दमतो हो, काका."