कप्तानाचं माप

निवृत्त मुख्याध्यापक दुकानात आले, तेव्हा शिंपीणबाई सवयीने उठून उभीच राहिली. शाळेत तिने त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्यांनी खिशातून चित्र काढून पुढे ठेवलं. अंतराळयानाच्या मालिकेतल्या कप्तानाचा निळा कोट! “नातवासाठी हवाय. शनिवारी नवा सीझन सुरू होतोय, सगळे चाहते गणवेश घालून सभागृहात जमणार आहेत.” “माप?” “माझंच घे,” सर खाली बघत पुटपुटले. “नातू बराच थोराड दिसतो, सर.” सरांचे कान लाल झाले. “चार वर्षं वाट बघतोय गं. या वयात लोक हसतील का?” तिने कपाटातून स्वतःसाठी शिवलेला यानचालकाचा पिवळा कोट काढला. “हसले तर दोघांना हसतील.” सरांनी चष्मा लावून कोट उलटसुलट पाहिला. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, “बिल्ला उजवीकडे लावलायस. तिसऱ्या सीझनपासून तो डावीकडे असतो. उसव, नीट शिव!”