संकष्टीचा चंद्र

संकष्टीचा चंद्र घरातूनच दिसावा म्हणून शालनताईंनी हट्टाने पूर्वेच्या बाल्कनीचा फ्लॅट घेतला. बिल्डरच्या मॉडेलमध्ये समोर हिरवळ होती. "पुढे तिथं काय बांधणार, विचार तरी," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या.

"वहिनी, देवाच्या वाटेत कोण बांधतंय?"

आता हिरवळीवर वीस मजले उभे होते आणि त्यांतच जाऊबाई राहायला आल्या होत्या.

आज चंद्रोदयाची वेळ टळली, पोटात कावळे ओरडू लागले, तरी समोर नुसती भिंत. जाऊबाईंचा फोन आला. "चंद्र आमच्याकडे आलाय. येतेस?"

शालनताई मोदकांचं ताट घेऊन पलीकडे गेल्या.

"मी मात्र विचारून घेतलं हो," खिडकी उघडत जाऊबाई म्हणाल्या. "आमच्यापुढे स्मशान आहे. तिथं कुणी बांधत नाही."

शालनताईंनी आधी चंद्राला हात जोडले, मग स्मशानाला.