छातीपर्यंतची चेन

भर दुपारी हॉलच्या फरशीवर रेवती स्लीपिंग बॅगेत शिरली आणि चेन छातीपाशीच अडकली.

मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या दुकानात ही बॅग स्वस्तात मिळाली, तेव्हा ती खूश झाली होती. रविवारी गडावर मुक्काम होता. आता तिने चेन निरखून पाहिली. छातीपर्यंतचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. वरचे मात्र न वापरताच गंजलेले.

"आबा, ही चेन वरपर्यंत कधी कोणी लावलीच नाही का?"

तिचे सासरे फौजेतून निवृत्त झालेले. सीमेवरच्या दिवसांबद्दल कितीही खोदून विचारलं, तरी "थंडी होती" एवढंच सांगायचे. आज मात्र ते खुर्चीतून उठले. "ऊठ बघू जरा," म्हणत, गुडघे सांभाळत स्वतःच बॅगेत शिरले. चेन छातीपर्यंत ओढली आणि उजवा हात बाहेर फरशीवर पसरला.

"इथपर्यंतच लावायची. हा हात मोकळा लागतो."

"कशाला?"

"शेजारी बंदूक असायची."

रेवती त्या हाताकडे बघतच राहिली. घरातही आबा असेच झोपत. स्वतःच्या लग्नापासून दर हिवाळ्यात सासूबाई कुरकुरत तो हात पांघरुणात ढकलत आल्या होत्या.

सासूबाई चहा घेऊन केव्हाच्या दारात उभ्या होत्या. त्या आबांजवळ खाली बसल्या.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ह्या हाताचं तू विचारलंस कुठं? नुसता ढकलायचीस."

सवयीने सासूबाईंचा हात पुढे गेला, आणि थांबला. मग त्या पसरलेल्या तळव्यावर त्यांनी गरम चहाचा कप ठेवला.